घराचा कोपरा आणि भिंतीच्या पायथ्याची पट्टी

घराची परीक्षा करावयाची झाल्यास सामान्य मनुष्य दरवाजा पाहतो, खिडक्या मोजतो, छपराकडे मान वर करतो. परंतु जाणता सुतार किंवा गवंडी घरात पाऊल टाकताच खाली, कोपऱ्याकडे पाहतो. भिंत आणि जमीन जेथे एकमेकींस मिळतात, आणि त्यातही दोन भिंती व जमीन अशी तिघांची जेथे गाठ पडते, तेथे कारागिराचा हात कसा होता हे लपत नाही. या संधीवर जी अरुंद पट्टी बसविली जाते तिला इंग्रजीत स्कर्टिंग म्हणतात. आणि हा शब्द आपल्या गवंड्यांच्या व सुतारांच्या तोंडी आता इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. पट्टी चार-सहा इंचांची. तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. तथापि ती कोठून आली, कशासाठी आली, आणि कोपऱ्यावर वळताना तिने कारागिरांची बुद्धी कशी कसाला लावली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

या इतिहासात एक वादाचा मुद्दाही आहे. इंग्रजी अमलात आपल्या कारागिरांनी विलायती घरांची केवळ नक्कल केली, स्वतःची बुद्धी चालविली नाही, असा आक्षेप पुष्कळ वेळा घेतला जातो. मोठमोठ्या इमारतींवरून या आक्षेपाचा निर्णय करणे कठीण. कारण तेथे नकाशा काढणारा एक, पैसा देणारा दुसरा आणि हातोडी चालविणारा तिसरा. भिंतीच्या पायथ्याची पट्टी ही मात्र कारागिराच्या स्वतःच्या अखत्यारीतील वस्तू. साहेब तिचा आकार सांगेल, पण कोपऱ्यावर ती कशी वळवावी हे सुतारानेच ठरवावयाचे. म्हणून या क्षुल्लक पट्टीची साक्ष या वादात मोलाची आहे.

आपल्या जुन्या मराठी घरात अशी पट्टी नव्हती. पण तिचे काम करणारी वस्तू होती. कुडाच्या, मातीच्या किंवा पांढरीच्या भिंती, शेणाने सारविलेली जमीन, आणि भिंतीच्या तळाशी वीतभर रुंदीचा गेरूचा किंवा कावेचा तांबूस पट्टा, हे दृश्य खेड्यापाड्यांतून अगदी अलीकडेपर्यंत सर्वत्र दिसत असे. सारवताना शेणाचा हात भिंतीला लागून डाग पडतात, केरसुणी घासते, पावसाळ्यात ओल चढते. हे सर्व त्या तांबड्या पट्ट्यात झाकून जाई. जमीन आणि भिंत दोन्ही मातीचीच असल्यामुळे सारवणारी बाई आपल्या हाताच्या गोलाव्याने कोपरा सहज गोल करून टाकी. तेथे सांधा नव्हता, म्हणून सांधा उघडा पडण्याचे भयही नव्हते. सणावाराला पोतेरे फिरले की पट्टा पुन्हा नवा. या पट्ट्याचे आयुष्य थोडे, परंतु त्याची दुरुस्ती घरच्या माणसांच्या हाती होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दगडी बांधकामाची गोष्ट निराळी. तिचे धडे पाहावयास नगरजवळच्या भिंगारइतके सोयीचे ठिकाण क्वचित सापडेल. अहमदनगरचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले असले, तरी भिंगार आपल्या जुन्या नावानिशीच शहराच्या पूर्वेच्या अंगास उभे आहे. किंबहुना भिंगार हे नगरापेक्षाही जुने गाव. १४९० साली मलिक अहमदाने बहामनी फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, आणि त्या विजयानंतर येथे नव्या राजधानीचा पाया घातला गेला. हुसेन निजामशहाने १५५९ पासून तीन-चार वर्षांत भुईकोट किल्ल्याचा दगडी कोट उभारला. किल्ल्याजवळची कोरीव दगडी कामाची दमडी मशीद १५६७ च्या सुमाराची. किल्ल्यावर खपणाऱ्या मजुरांनी दमडी-दमडी काढून ती बांधविली, अशी लोकपरंपरा आहे. पुढे १७०७ साली औरंगजेबाने देह ठेवला तोही भिंगारजवळच्या छावणीत. अशा रीतीने दोन शतकांहून अधिक काळ या टापूत गवंडी, पाथरवट व सुतार यांना कामाची वाण पडली नाही.

पाथरवटापुढे कोपऱ्याचा प्रश्न येतो तो असा. देवळाच्या जोत्यावर, खांबाच्या तळाशी किंवा भिंतीच्या पायथ्याशी तो गोलवे, खाचा व धारा असलेले थर काढतो. आपल्या शिल्पशास्त्रात या थरांना खूर, कुंभ, कलश, कपोताळी अशी सुंदर नावे आहेत. नगर जिल्ह्यातील रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ किंवा अकोल्याचे सिद्धेश्वराचे देऊळ पाहणाऱ्यास हे थर इमारतीभोवती फिरताना दिसतात. आता हा थर कोपऱ्यावर वळवावयाचा, तर दोन दगड तिरकस कापून ते कोपऱ्याच्या धारेवरच जुळवावे काय? चांगला पाथरवट तसे करीत नाही. दगडाची पातळ तिरकस धार दाबाखाली व आघाताने उडते. म्हणून तो कोपऱ्याचा दगड एकच अखंड घेतो, त्यावरच दोन्ही बाजूंचे वळण कोरतो आणि सांधा कोपऱ्यापासून दूर, सरळ भिंतीवर नेऊन ठेवतो. सांधा दुबळ्या जागी असू नये, हे दगडाचे पहिले सूत्र होय.

भिंगार छावणीच्या परिसरातील फराहबाग, म्हणजे लोकांच्या तोंडी फऱ्याबाग, हा महाल कोपऱ्यांच्या अभ्यासास फार उपयुक्त आहे. १५८३ साली पुरी झालेली ही इमारत अष्टकोनी असून एके काळी ती तलावाच्या मधोमध उभी होती. शहराच्या पूर्वेस डोंगरावर दिसणारी आणि चांदबिबीचा महाल म्हणून प्रसिद्ध असलेली इमारत वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, तीही अष्टकोनीच. चौकोनी खोलीचा कोपरा नव्वद अंशांचा, पण अष्टकोनाचा प्रत्येक कोपरा एकशे पस्तीस अंशांचा. तेथे काटकोनाचा गुण्या कुचकामाचा ठरतो. त्या कोपऱ्याचे दोन सारखे भाग केले तर प्रत्येक भाग साडेसदुसष्ट अंशांचा होतो. आठ फळ्यांची अष्टकोनी चौकट करावयाची असेल आणि सोळा कापांपैकी प्रत्येकात एकाच बाजूस एका अंशाची चूक झाली, तर शेवटी सोळा अंशांची तफावत पडते व चौकट मिटतच नाही. ज्यांनी असे महाल बांधले त्यांस कोन मोजण्याची पुस्तकी परिभाषा अवगत असो वा नसो, कोन दुभागण्याची कला पक्की अवगत होती, यात संशय नाही.

ही कला आपल्या देशात फार जुनी आहे. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत दोरीच्या साहाय्याने काटकोन काढण्याचे नियम आहेत, आणि बौधायनाने तीन-चार, पाच-बारा, आठ-पंधरा अशा बाजूंच्या जोड्या सांगितल्या आहेत. आजही पायाची आखणी करणारा गवंडी एका बाजूस तीन फूट, दुसरीस चार फूट मोजून समोरचे अंतर पाच फूट भरते की नाही हे पाहतो. भरले, की कोपरा ‘गुण्यात’ आहे असे म्हणतो. तीन हजार वर्षांच्या अलीकडची-पलीकडची ही दोरी एकच आहे.

लाकडाकडे वळले म्हणजे आपल्या जुन्या बांधणीतील एक शहाणपणा नजरेस येतो. पेशवाईतील वाड्यांत लाकूड विपुल असे. पुण्याचा १८०७ च्या सुमारास बांधला गेलेला विश्रामबागवाडा हे त्याचे उत्तम उदाहरण. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, तुळया, नक्षीच्या पट्ट्या यांनी चौक शोभिवंत होत. परंतु हा एवढा लाकडाचा पसारा जमिनीला मात्र टेकत नसे. खांब उभा करावयाचा तो दगडी तळखड्यावर. भिंतीचे जोतेही दगडी. कारण उघड आहे. ओल खालून चढते, आणि वाळवी मातीतूनच वर येते. जमिनीला लागून लाकडाची फळी भिंतीशी ठोकणे म्हणजे वाळवीला पायघडी घालणेच होय. म्हणून आपल्या सुताराने पायथ्याची लाकडी पट्टी कधी केली नाही. ती त्याला येत नव्हती असे नव्हे. ती या देशात शहाणपणाची नव्हती.

विलायतेत स्थिती उलट होती. तेथे थंडीमुळे खोलीच्या भिंतींस लाकडी तक्त्यांचे आच्छादन करीत. पुढे अठराव्या शतकात भिंतींना गिलावा व कागद लावण्याची चाल वाढली आणि आच्छादन नाहीसे होत गेले. पण त्याचा तळचा पट्टा शिल्लक राहिला. तो राहण्यास सबळ कारण होते. जमीन लाकडी फळ्यांची. ती ऋतुमानाप्रमाणे फुगे व आक्रसे. त्यामुळे भिंतीशी फट पडे, आणि ती फट झाकण्यास पट्टी हवीच असे. शिवाय खुर्चीचे पाय, बुटांच्या टाचा व झाडू यांपासून गिलाव्याचे रक्षण होई. पट्टीच्या वरच्या कडेला ग्रीक व रोमन इमारतींच्या धर्तीचे गोलवे काढण्याची हौस आली, आणि तेव्हापासून कोपऱ्याचा सांधा हा विलायती सुताराच्या परीक्षेचा विषय झाला. जोसेफ मॉक्सन याने १६७८ पासून कारागिरीवर जी इंग्रजी पुस्तके क्रमशः प्रसिद्ध केली, त्यांत पंचेचाळीस अंशांचा तिरकस काप आखण्याच्या खास गुण्याचे वर्णन आले आहे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. तो थोड्याच काळात पेशव्यांकडे परत गेला, परंतु १८१७ च्या पुणे येथील तहाने कायमचा इंग्रजांच्या हाती आला. त्यानंतर भिंगारला लष्कराची छावणी वाढली. छावणी म्हणजे बराकी, बंगले, मेस, देवळे, दवाखाने. आणि या सर्वांना लागणारे सुतार व गवंडी. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन आहे, तीत सुताराचे मुख्य काम नांगर, कुळव, पाभर व गाडी यांचे. त्याचा मोबदला धान्याच्या बलुत्याने. छावणीचे काम याहून अगदी वेगळे. तेथे रोख मजुरी होती, पण फूटपट्टी होती, नकाशा होता आणि तपासनीस होता. गज व तसू यांच्या जागी फूट व इंच आले. मात्र इंचाचे आठ भाग सुताराने आपल्या जिभेवरच्या ‘सूत’ या शब्दानेच मोजले, आणि तो शब्द अद्याप टिकून आहे.

पायथ्याच्या पट्टीच्या बाबतीत येथे एक गंमत झाली. विलायतेत ती पट्टी लाकडी जमिनीची फट झाकण्यासाठी जन्मली. येथे जमीन फरशीची, चुन्याची वा मातीची. मूळ कारण समुद्रापलीकडे राहिले आणि चाल तेवढी जहाजात बसून आली. सरकारी बांधकाम खात्याने बराकी, कचेऱ्या व रेल्वेची घरे यांतून हा प्रश्न स्वस्तात सोडविला. भिंतीच्या तळाशी डांबराचा काळा पट्टा ओढण्याची रीत पडली. तो आपल्या कावेच्या पट्ट्याचाच धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाही. जेथे हौस व पैसा होता तेथे मात्र सागवानी पट्टी आली. १८७८ साली धोंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाल्यावर मुंबईच्या बंदरात उतरणारा माल येथवर आणणे सुलभ झाले होते.

मग आपल्या सुताराने कोपऱ्याचा तिरकस सांधा कोठे आत्मसात केला? काही अंशी औद्योगिक शाळांत. नगरास १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, व पुढे तिच्या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत सुतारकामाचे शिक्षण मिळू लागले. पुण्यास १८५४ मध्ये स्थापन झालेला इंजिनियरिंगचा वर्ग व मुंबईस १८८७ मध्ये निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट यांतून देखरेख करणारे लोक तयार झाले. परंतु सामान्य सुताराची खरी शाळा बाजारात होती, आणि ती म्हणजे तसबिरींच्या चौकटी. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. चित्र आले म्हणजे काच आली, काच आली म्हणजे चौकट आली, आणि चौकटीला चार तिरकस सांधे आले. दोन बाजूंच्या फळ्यांत पंचेचाळीस अंशांच्या खाचा पाडलेली लाकडी पेटी, तीत पट्टी धरून करवत चालवावयाची, हे साधन बाजारपेठेतील चौकटवाल्यांच्या दुकानांत रोजच्या वापराचे झाले.

चौकटीवर जे साधते ते भिंतीवर साधतेच असे नाही. या भेदातच कोपऱ्याच्या कामाचे सारे मर्म आहे. चौकट ही सुताराच्या स्वाधीन असते. तिचे चारही कोन तोच घडवितो. घराचे कोन गवंड्याने अगोदरच घडवून ठेवलेले असतात. चुन्याचा गिलावा करताना थापी कोपऱ्यात पुरती शिरत नाही, तेथे चुना थोडा अधिक साचतो; जुन्या डबराच्या भिंती तर इंचाइंचाने वाकड्या. अशा कोपऱ्यात दोन पट्ट्या बरोबर पंचेचाळीस अंशांत कापून बसविल्या, तर काप निर्दोष असूनही सांधा सदोष दिसतो. हिशेब सोपा आहे. पट्टीची जाडी पाऊण इंच, म्हणजे सुमारे एकोणीस मिलिमीटर धरली आणि खोलीचा कोपरा नव्वदाऐवजी एक्याण्णव अंशांचा असला, तर समोरच्या अंगास जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची फट पडते. तीन अंशांच्या फरकाने ती दीड मिलिमीटरच्या घरात जाते. काळसर सागवानावर एवढी रेघही दारातून दिसते.

म्हणून शहाणा सुतार करवत हाती घेण्यापूर्वी कोपरा मोजतो. तीन-चार-पाचाची दोरी येथेही उपयोगी पडते. तीन व चार फुटांच्या खुणा करून समोरचे अंतर पाच फुटांपेक्षा अर्धा इंच, म्हणजे चार सूत अधिक भरले, तर कोपरा सुमारे एका अंशाने उघडा आहे असे समजावे. कोन दुभागण्याची युक्तीही जुनीच आहे. दोन्ही भिंतींना समांतर, सारख्याच अंतरावर, जमिनीवर दोन रेघा काढाव्या; त्या जेथे छेदतील तो बिंदू कोपऱ्याच्या टोकाशी जोडावा. ही जोडरेघ कोपऱ्याचे दोन समान भाग करते. सरकत्या पात्याचा गुण्या तिच्यावर बसवून तोच कोन लाकडावर उतरविला म्हणजे अंश किती हे विचारण्याची गरजच उरत नाही. फऱ्याबागेच्या एकशे पस्तीस अंशांच्या कोपऱ्यालाही ही रेघ तितक्याच मुकाट्याने उत्तर देते.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. कारण लाकूड कापल्यावरही स्वस्थ बसत नाही. ते लांबीने जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या अंगाने फुगते व आक्रसते. नगरची हवा कोरडी. पावसाळ्यात ओलावा, आणि चैत्र-वैशाखात चाळीस अंशांवरचे ऊन. भाद्रपदात घट्ट बसलेला तिरकस सांधा वैशाखात तोंड उघडतो. यावर सुतारांनी शोधलेला उपाय असा, की आतल्या कोपऱ्यात तिरकस सांधा करूच नये. पहिली पट्टी सरळ कापून थेट कोपऱ्यात भिडवावी. दुसरीचे टोक प्रथम पंचेचाळीस अंशांत कापावे. त्या कापाच्या पुढच्या कडेवर पट्टीच्या गोलव्यांचा आकार स्पष्ट उमटतो. मग बारीक पात्याच्या कमानी करवतीने त्या रेषेवरून, पाते किंचित मागे झुकवून, पाठीमागचे लाकूड काढून टाकावे. उरलेली पुढची धार पहिल्या पट्टीच्या अंगावर साच्यासारखी बसते. कोपरा एक-दोन अंशांनी वाकडा असला तरी ती चालवून घेते. आणि उन्हाळ्यात लाकूड आक्रसले तरी फट तोंडावर येत नाही.

बाहेर आलेल्या कोपऱ्यास, म्हणजे कोनाड्याच्या किंवा खांबाच्या कडेस, ही युक्ती लागू पडत नाही. तेथे तिरकस सांध्यावाचून गत्यंतर नाही. परंतु तेथेही अनुभवी हात काप किंचित अधिक तिरका घेतो, म्हणजे पुढच्या धारा आधी भेटतात आणि जी काही फट राहावयाची ती पाठीमागे, भिंतीच्या अंगास राहते. यात लबाडी नाही. न टाळता येणारी उणीव निरुपद्रवी जागी नेऊन ठेवणे ही कारागिरीच होय. पाथरवट आपला सांधा कोपऱ्यापासून दूर नेतो, त्यातलेच हे दुसरे रूप.

कामाचा क्रमही ठरलेला असतो. दारासमोरची भिंत प्रथम, बाजूच्या नंतर. असे केल्याने सांध्याची रेघ आत येणाऱ्याच्या नजरेस आडवी येत नाही. दोन कोपऱ्यांमधली पट्टी मापापेक्षा एखादा मिलिमीटर लांब कापून, मध्ये थोडी वाकवून दाबली, की दोन्ही टोके घट्ट बसतात. आखूड कापलेली पट्टी मात्र कोणत्याही मंत्राने लांब होत नाही. दगडी भिंतीत खिळा शिरत नाही. म्हणून आधी भोके पाडून त्यांत सुक्या लाकडाच्या खुंट्या ठोकाव्या लागतात व त्यांवर पट्टी खिळवावी लागते. खिळ्यांची डोकी लाकडात उतरवून खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी भरली, की काम पुरे. ही लांबी खिळ्याच्या भोकासाठी आहे. वाकड्या सांध्याचे पाप झाकण्यासाठी तिचा वापर सुरू झाला, की कारागिरी संपली असे समजावे.

इतके कौशल्य साध्य झाले, आणि तरीही लाकडी पट्टी आपल्या घरांत फार काळ टिकली नाही. प्रथम वाळवीने तिचा समाचार घेतला. फळी व भिंत यांमधली पोकळी बाहेरून दिसत नाही. रंग तकतकीत, आणि आत नुसता भुगा. दुसरे कारण अधिक भयंकर होते. १८९६ साली मुंबईस प्लेग आला व पुढील वर्षांत तो देशभर पसरला. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत उंदीर, पिसवा व प्लेग यांचा संबंध दाखविला, आणि पुढे मुंबईतील संशोधनाने तो पक्का ठरला. तेव्हापासून घरातील प्रत्येक बीळ, प्रत्येक पोकळी संशयाचा विषय झाली. जी पट्टी फट झाकण्यासाठी आली तिच्यामागेच नवी फट तयार होते, ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने विचार करणाऱ्यांस पटू लागली.

या वेळी दुसरीकडे सामग्री बदलत होती. पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्सचा कारखाना निघाला. शहाबादची फरशी तर दख्खनच्या घरांत सर्वत्र पसरली. फरशीच्याच जातीची चार इंचांची दगडी किंवा सिमेंटची पट्टी भिंतीत पुरून बसवावयाची, मागे पोकळी मुळीच ठेवावयाची नाही, ही पद्धत रूढ झाली. जेथे पाणी सांडावयाचे, म्हणजे मोरी, गच्ची व दवाखाना, तेथे भिंत व जमीन यांमधला कोपराच मोडून टाकून गोलसर ‘वाटा’ करण्यात येऊ लागला. केर साचण्यास जागा नाही, पाणी मुरण्यास फट नाही. शेणाने सारवणाऱ्या बाईचा हात जो गोलावा सहज देई, तोच गवंड्याने सिमेंटमध्ये पुन्हा आणला.

आता आरंभीच्या वादाकडे वळण्यास हरकत नाही. आपल्या कारागिराने विलायती पट्टीची नक्कल केली काय? त्याने ती शिकून घेतली, हे खरे. तिरकस सांधा, त्याची पेटी, फूट व इंच, हे सर्व त्याने उचलले, आणि उत्तम रीतीने उचलले. परंतु काही पिढ्यांच्या अनुभवानंतर त्याने व त्याच्या गिऱ्हाइकाने त्या पट्टीतले लाकूड काढून टाकले व तिचे प्रयोजन तेवढे ठेवले. तळखड्यावर खांब उभा करणाऱ्या पूर्वजांनी जो निर्णय दिला होता, तोच शेवटी कायम झाला. नक्कल करणारा मनुष्य मूळ वस्तूतले काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरवीत नाही. तो सगळेच उचलतो. येथे निवड झाली, आणि ती वाळवीचा, उन्हाचा व रोगाचा अनुभव घेऊन झाली. म्हणून हा आक्षेप निदान या एका बाबतीत तरी टिकत नाही.

अलीकडे लाकडाच्या चुऱ्याच्या व प्लॅस्टिकच्या तयार पट्ट्या बाजारात मिळतात, विजेवर चालणारी करवत हवा तो अंश क्षणात कापते, आणि हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशी आपल्या खोलीस स्वतःच पट्टी बसवू पाहतो. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. घराच्या पायथ्याची दुरुस्ती पुन्हा एकदा घरच्या हातांत येत आहे. परंतु यंत्र पंचेचाळीस अंश कापून देईल. कोपरा नव्वद अंशांचा आहे की नाही, हे ते सांगत नाही. ते पाहण्यासाठी गुडघे टेकून जमिनीवर बसावे लागते, दोरी धरावी लागते, दोन रेघा ओढाव्या लागतात. हे ज्ञान कोणत्याही शिलालेखावर कोरलेले नाही. किल्ला बांधविणाऱ्याचे नाव इतिहासात आहे. त्याचा कोपरा गुण्यात आणणाऱ्याचे नाही. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात आली, आणि एका पिढीने हात आखडता घेतला तर ती तेथेच संपावयाची. जुना सुतार कोपऱ्याशी बसून कापण्यापूर्वी दोनदा का मोजतो, हे घरातल्या मुलाने त्याला एकदा तरी विचारावे, आणि उत्तर मिळेल ते लिहून ठेवावे.